नागदेवाचार्यांचा नकार : वऱ्हाडांतील धर्मग्रंथांच्या भाषांतराचा एक जुना प्रश्न

वऱ्हाडच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकाची दृष्टि बहुधा गाविलगड व नरनाळा हे किल्ले, एलिचपूरची इमादशाही, निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल आणि १८५३ सालचा तह यांवरच खिळून राहते. धर्मग्रंथांचें भाषांतर हाही या प्रांताच्या इतिहासाचा एक भाग आहे, व तो सामान्य नव्हे, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि आजच्या अमरावती जिल्ह्यांत अशीं दोन स्थळें आहेत कीं, त्यांचा विचार एकत्र केल्यास या विषयावर कांहीं निराळाच प्रकाश पडतो. एक मोर्शी तालुक्यांतील रिद्धपूर, दुसरें सातपुड्यांतील मेळघाट. दोहोंमध्यें काळाचें अंतर सुमारें सहाशें वर्षांचें आहे. पंथ निराळे, भाषा निराळ्या, माणसें निराळीं. परंतु प्रश्न एकच : एका समाजाचें देवाविषयींचें बोलणें दुसऱ्या भाषेंत नेलें असतां कोणाचें काय जातें? मूळ व भाषांतर यांतील शब्दाशब्दांचा मेळ बसला कीं नाहीं याचीच चर्चा आपल्याकडे फार झाली. वर मांडलेला प्रश्न मात्र रिद्धपूरच्या परंपरेनें तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पष्टपणें विचारून ठेविला होता, आणि म्हणून आरंभ तेथूनच करणें योग्य.

श्रीचक्रधरांच्या मागें महानुभाव पंथाचें आचार्यपद नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांजकडे आलें. पंथीयांची मंडळी रिद्धपुरीं श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध जमली. या मंडळींत संस्कृत शास्त्रांत मुरलेले पंडित थोडे नव्हते; केशोबास ऊर्फ केशिराज हे त्यांतील अग्रगण्य. चक्रधरांचीं वचनें लीळांतून निवडून सूत्रपाठ व दृष्टांतपाठ सिद्ध करण्याचें श्रेय त्यांचेंच. स्मृतिस्थळ या ग्रंथांत अशी हकीकत आहे कीं, हें निरूपण आपण संस्कृतांत करावें असें केशोबासांच्या मनांत आलें व त्यांनीं आचार्यांची अनुज्ञा मागितली. आचार्यांनीं ती दिली नाहीं. कारण सांगितलें तें एवढेंच कीं, तसें केल्यानें आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील.

या उत्तरांतील क्रियापद वाचकांनीं क्षणभर पाहावें. म्हाताऱ्यांना समजणार नाहीं, असें आचार्य म्हणत नाहींत. वंचित होतील, असेंही म्हणत नाहींत. नागवणें म्हणजे लुबाडणें, वाटेंत गांठून अंगावरचें उतरून घेणें. जें नागवावयाचें तें आधीं त्या माणसाच्या मालकीचें असावें लागतें. तेव्हां आचार्यांच्या दृष्टीनें निरूपण हें पंडितांच्या हातचें धन नसून तें त्या म्हाताऱ्यांच्या पदरीं आधींच पडलेलें होतें, व संस्कृत भाषांतर ही त्या पदरावरची धाड होती. संस्कृताच्या योगानें पंथाची कीर्ति काशीपर्यंत गेली असती, वादांत पंडितांस गप्प बसवितां आलें असतें, हें आचार्यांस कळत नव्हतें असें मानण्याचें कारण नाहीं. लाभ उघड होता. परंतु तो लाभ ज्यांना होणार होता ते एक, आणि ज्यांच्या पदरचें जाणार होतें त्या दुसऱ्या.

हा संस्कृताचा द्वेष होता असें मात्र कोणी समजूं नये. खुद्द केशोबासांच्या नांवावर रत्नमालास्तोत्र हा संस्कृत ग्रंथ आहे, आणि पंथाच्या पुढील पिढ्यांतही संस्कृत रचना झाल्या. स्तोत्र निराळें आणि निरूपण निराळें. स्तोत्र संस्कृतांत असलें तरी कोणाचें कांहीं जात नाहीं. कारण स्तवन ज्याला जसें येईल तसें त्यानें करावें. निरूपण मात्र आचारासाठीं आहे. तें ज्या भाषेंत असेल त्या भाषेच्या जाणत्यांकडे त्याचा अधिकार जातो, आणि बाकीच्यांना त्यांच्या तोंडाकडे पाहावें लागतें. अधिकाराचें हें स्थलांतर आचार्यांनीं ओळखलें, एवढाच या नकाराचा अर्थ आहे असें आम्हांस वाटतें.

त्या म्हाताऱ्यांचें महत्त्व पुढें एका निराळ्या प्रसंगानें सिद्ध झालें. म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध करितांना ज्यांनीं ज्यांनीं चक्रधरांना पाहिलें व ऐकिलें होतें त्या सर्वांना गांठून, ज्याची आठवण त्याच्याच शब्दांत घेऊन, ती आचार्यांपुढें ठेविली. आठवणींत भेद पडला तर तोही नोंदविला. आजच्या संशोधकानें मान लववावी अशी ही पद्धति होती. पुढें खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी हातची गेली, आणि पंथीयांना स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यांतून जे पाठ निघाले त्यांपैकीं एक हिराइसा या स्त्रीच्या नांवानें प्रसिद्ध आहे; तिला लीळा मुखोद्गत होत्या अशी परंपरा आहे. निरूपण जर संस्कृतांत गेलें असतें आणि मराठी बोल मागें पडले असते, तर ही आठवण कोणाच्या मुखीं राहिली असती? केशोबासांची पोथी एका धाडींत गेली असती आणि तिच्याबरोबर सर्वच गेलें असतें. असो, इतिहासांत ‘तर’ला फार जागा देऊं नये.

येथवर आचार्यांची बाजू निर्विवाद दिसते. पण त्यांच्याच परंपरेंत पन्नास-साठ वर्षांच्या आंत जें घडलें तें या निवाड्याला विचित्र वळण देणारें आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास सकळ लिपी निघाली. तिचें कर्तृत्व रवळोबासांकडे देतात. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर योजावयाचें, अशी ही सांकेतिक लिपी. पुढें सुंदरी इत्यादि आणखीही लिप्या वेगवेगळ्या आम्नायांत रूढ झाल्या. भाषा मराठीच राहिली, पण ती वाचण्याचा अधिकार दीक्षितांपुरता राहिला. ग्रंथांचें पावित्र्य राखणें, निंदकांच्या हातीं ते पडूं न देणें, राजकीय अस्थिरतेंत पोथ्या वांचविणें, अशीं कारणें सांगतात. तीं सर्व खरीं असूं शकतात. परंतु परिणाम काय झाला? ज्या निरूपणाला संस्कृताच्या कुंपणांत जाऊं दिलें नाहीं तें लिपीच्या कुंपणांत गेलें. पंथांतील वृद्धा नागवल्या गेल्या नाहींत. त्या ऐकत राहिल्या. नागवला गेला तो पंथाबाहेरचा मराठी समाज, आणि काहीं अंशीं पंथही. कारण ग्रंथ कोणाला दिसत नाहींत अशा पंथाविषयीं लोकांनीं जे भलतेसलते प्रवाद उठविले त्यांना उत्तर देण्याचें एकच साधन होतें, आणि तें पेटींत कुलूप घालून ठेविलेलें होतें. ‘मानभावीपणा’ हा शब्द मराठींत ज्या अर्थानें रुळला तो पंथावर झालेला अन्याय आहे. पण तो रुळण्यास हें मौनही कारण झालें असावें असें म्हटल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

भाषांतर न करण्याची दुसरीही एक किंमत असते व ती निराळ्याच लोकांनीं मोजली. महानुभाव महंत उत्तरेकडे पंजाबांत गेले. तेथें या पंथाला जयकृष्णी म्हणतात. पंजाबी अनुयायांसाठीं सूत्रपाठ पंजाबींत आणावा अशी सोय काढण्याऐवजीं त्यांच्यांतील साधकांनींच मराठी शिकावी, असा क्रम पडला. चक्रधर ज्या भाषेंत बोलले तीच धर्मभाषा, ही त्यामागील भावना. वऱ्हाड-गंगातीरची मराठी लाहोर-पेशावरकडच्या मठांत वाचली जात होती, ही गोष्ट मराठी माणसाला अभिमानाची वाटेल आणि ती तशी आहेही. पण पंजाबांतील एखाद्या खेड्यांतल्या म्हातारीचें काय? आचार्यांचें वचन तिच्यासाठीं वापरलें असतें तर निर्णय उलट झाला असता. नियमाचें अक्षर पाळलें गेलें. त्यांतील म्हातारी मात्र मागें राहिली.

आतां एकोणिसाव्या शतकाकडे येऊं. या शतकांत धर्मभाषांतराचा दुसरा प्रवाह वऱ्हाडांत आला, तो ख्रिस्ती मिशनांचा. मराठी शुभवर्तमानाचा जन्म वऱ्हाडांत झाला नाहीं. तो बंगालमध्यें श्रीरामपुरास झाला. विल्यम केरी यानें फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठी पंडित वैजनाथ याच्या साहाय्यानें नवा करार मराठींत आणिला व तो १८११ साली छापून निघाला. वैजनाथ नागपूरकडचा असल्यानें त्या भाषेला नागपुरी वळण होतें, असा आक्षेप पुढें आला. मग मुंबईंत अमेरिकन मिशनऱ्यांनीं निराळें भाषांतर केलें, आणि नंतरच्या आवृत्त्यांवर मुंबई-पुण्याच्या शिष्ट मराठीचा शिक्का बसला. याचा परिणाम असा झाला कीं, शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत अमेरिकेंतील अलायन्स मिशनचें ठाणें अकोल्यास पडलें तेव्हां, वऱ्हाडी बोलणाऱ्या खेडुतांपुढें तेथील उपदेशकांनीं जें पुस्तक उघडलें त्याची भाषा त्या खेडुताला धर्माच्या दृष्टीनें जितकी परकी होती तितकीच बोलीच्या दृष्टीनेंही परकी होती. नागपुरी वळण म्हणून ज्याला नांवें ठेविलीं तें वळण येथें कदाचित् अधिक जवळचें ठरलें असतें. पुण्याला खटकणारें तें सर्वांनाच खटकणारें, ही समजूत आपल्यांतही आहे. मिशनऱ्यांना ती आपल्याकडूनच लागली.

याच सुमारास वऱ्हाडी बोलींत ख्रिस्ती ग्रंथांतील एक कथा उतरली, पण ती मिशनच्या हातून नव्हे, सरकारच्या. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीसाठीं प्रत्येक भाषेचा व बोलीचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा दृष्टांत भाषांतरासाठीं दिला होता. हिंदुस्थानांतील लोकांच्या भावना दुखावूं नयेत म्हणून मूळ शब्दांत थोडा फेरफार करून तो दिला गेला, असें ग्रियर्सन स्वतःच सांगतात. मुलगा परत आल्यावर बापानें पोसलेलें वासरूं कापावयास सांगितलें, हें वाक्य हिंदु लेखनिकाच्या हातून लिहवून घेणें कसें प्रशस्त ठरणार? धर्मोपदेशकाला जें धाडस झालें नसतें तें भाषाशास्त्रज्ञानें निर्वेधपणें केलें; कारण त्याला कथा नको होती, सर्वनामें व क्रियापदांचीं रूपें हवीं होतीं. मराठीचा खंड १९०५ साली व मुंडा-द्राविडी भाषांचा १९०६ साली प्रसिद्ध झाला. देवाची गोष्ट व्याकरणाचें उदाहरण झाली. यांत कोणाचें कांहीं गेलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु धर्मग्रंथांतील मजकूर केवळ नमुना म्हणून वापरतां येतो ही कल्पनाच नवी होती, आणि पुढें आपल्या ग्रंथांच्या वांट्यासही ती आली.

मराठी पवित्र शास्त्राच्या इतिहासांत नागदेवाचार्यांचा प्रश्न पुन्हा उच्चारला तो एका स्त्रीनें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें. प्रचलित भाषांतर सामान्य स्त्रियांना कळण्याजोगें नाहीं, हा त्यांचा मुख्य आक्षेप. आणि त्यांतील संस्कृत धर्मशब्द हिंदु कल्पना आपल्याबरोबर घेऊन येतात, हा दुसरा. छपाईचें काम सदनांतील स्त्रियांनींच केलें. रमाबाई एप्रिल १९२२ मध्यें वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. पुराणिक घराण्यांत वाढलेल्या व संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या या विदुषीनें शेवटीं संस्कृतच बाजूस सारावें, यांत केशोबासांना मिळालेल्या उत्तराचीच छाया दिसते. त्यांनीं स्मृतिस्थळ पाहिलें असण्याचा संभव जवळजवळ नाहीं, म्हणून हें साम्य अधिक विचार करण्याजोगें आहे. पण त्यांच्या दुसऱ्या आक्षेपांत एक अडचण आहे. शब्द धुऊन काढला म्हणजे त्यांतील जुनी कल्पना जाते हें खरें, परंतु त्याचबरोबर ऐकणाऱ्या बाईची ओळखही जाते. सोपेपणा आणि शुद्धि हे दोन्ही हेतु एकाच वेळीं साधत नाहींत.

ही अडचण मराठींत कशीबशी निभावून जाते. मेळघाटांत ती उघडी पडली.

मेळघाटचा मुख्य रहिवासी कोरकू. त्याची भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतील नव्हे, गोंडीच्याही नव्हे; ती मुंडा कुळांतील असून त्या कुळाचें पश्चिमेकडील टोंक आहे. १८९० साली एलिचपूरच्या परिसरांत ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ या संस्थेचें काम सुरू झालें. तिचा एक मिशनरी जॉन ड्रेक यानें मार्काचें शुभवर्तमान कोरकूंत आणिलें; तें १९०० साली छापलें गेलें. तीन वर्षांनीं, १९०३ साली, त्याचें कोरकू भाषेचें व्याकरण कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमधून निघालें. ग्रियर्सन यांच्या पाहणींत कोरकूचें जें वर्णन आहे त्याचा मुख्य आधार हेंच व्याकरण. कोरकूंची स्वतःची लिपी नव्हती, पोथी नव्हती. तेव्हां छापील कोरकूचा आरंभ परक्या देवाच्या चरित्रानें झाला असें म्हणावें लागतें.

ड्रेकपुढें कोणते प्रश्न आले असतील हें कोरकू भाषा व कोरकूंचा धर्म यांवरून चांगलें कळतें. पहिला प्रश्न देव या शब्दाचा. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ साली नोंदविलें आहे कीं, कोरकूंचीं मुख्य दैवतें सूर्य व चंद्र असून त्यांना गोमज म्हणतात, आणि देव या अर्थींही तोच शब्द आहे. पेरणीच्या आरंभीं कोरकू सूर्याकडे तोंड करून उभा राहतो. याशिवाय डोंगरदेव आहे, गांवांतील दगडांच्या राशीच्या रूपानें मुठवादेव आहे, आणि महादेव तर कुळाचा जनक आहे : रावणाच्या विनंतीवरून महादेवानें वारुळाच्या तांबड्या मातीचीं स्त्रीपुरुषांचीं चित्रें घडवून त्यांत जीव घातला, तेंच कोरकूंचें आदिम जोडपें. आतां भाषांतरकारानें कोणता शब्द घ्यावा? गोमज घेतला तर सूर्यच माणूस होऊन गालीलांत हिंडला असा बोध होणार. महादेव किंवा भगवान घेतला तर आजवर ज्याला हिंदु म्हणून दूर ठेवावयाचें तोच आंत येणार. मराठी-हिंदीकडून परमेश्वर आणिला तर तो पाटील-सावकारांच्या तोंडचा शब्द. जंगलखात्याच्या हुकुमासारखा तोही बाहेरून आलेला. कोणताही घ्या, कांहीं तरी गळतें किंवा कांहीं तरी भलतें शिरतें. भाषांतरकाराचा दोष यांत नाहीं. प्रश्न शब्द कोणता निवडला हा नसून निवडणारा कोण, हा आहे. रिद्धपुरास अनुज्ञा मागणारा व नाकारणारा दोघेही त्याच मंडळींतले होते. मेळघाटांत गोमज हा शब्द ज्यांचा, त्यांच्याकडे अनुज्ञा मागण्याची चालच नव्हती. ती कोणाकडे मागावी हेंही कोणाला सांगतां आलें नसतें.

दुसरें उदाहरण व्याकरणांतील आहे, पण तें केवळ व्याकरणाचें नाहीं. कोरकूंत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचा भेद आहे. शिवाय दोघे कीं अनेक हाही भेद सर्वनामांतच दाखवावा लागतो. ग्रीकमध्यें व इंग्रजींत हा भेद नाहीं. मार्कामध्यें वादळाचा प्रसंग आहे : नाव बुडूं पाहते, येशू निजला आहे, आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात कीं बुडण्याची वेळ आली. येथें शिष्य ‘आम्ही बुडतों’ म्हणाले कीं ‘आपण बुडतों’? पहिल्यांत हा गुरु बुडणाऱ्यांतला नव्हे अशी श्रद्धा आहे. दुसऱ्यांत तोही आपल्यासारखाच नावेंत आहे अशी भीति आहे. मूळ ग्रंथ मुका आहे. इंग्रजाच्या कानाला हा प्रश्न ऐकूंही येत नाहीं. मराठी माणसाला लगेच ऐकूं येतो, आणि कोरकूला तर उत्तर दिल्यावांचून वाक्यच पुरें करतां येत नाहीं. तेव्हां ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील इतका नाजूक निर्णय जवळ बसलेल्या एखाद्या कोरकू साहाय्यकाच्या सहज बोलण्यावर ठरला असण्याचा संभव बराच आहे. व्याकरणाच्या शीर्षपृष्ठावर नांव एकच, तें जॉन ड्रेक याचें. केरीच्या मागें निदान वैजनाथ दिसतो. ड्रेकच्या मागचीं तोंडें आपल्याला दिसत नाहींत. डोंगरांतील वस्त्यांवर बसून ज्यांनीं त्याला शब्द पुरविले, चुकला तेथें हंसून सुधारलें, त्यांच्यावांचून तें पुस्तक झालें नसतें हें मात्र निश्चित.

आणखी एक गोष्ट. मार्काचें चरित्र भुतें काढण्याच्या प्रसंगांनीं भरलेलें आहे. कोरकूंत वंशपरंपरेचा भुमका हा पुजारी असतो, आणि ज्याच्या अंगांत देव येतो तो पडिहार. येशू अशुद्ध आत्म्यांना दटावतो हें ऐकल्यावर कोरकू श्रोत्याच्या डोळ्यांपुढें पडिहारच येणार. मिशनऱ्याला नेमका तोच पुसून टाकावयाचा. ग्रंथ व उपदेश येथें एकमेकांच्या विरुद्ध जातात. भाषांतर जितकें उत्तम तितका हा विरोध तीव्र, हें उघड आहे.

ज्या वर्षीं हें पुस्तक छापलें गेलें तें वर्ष विसरतां कामा नये. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडांत भयंकर होता, आणि मेळघाटांत तर त्यानें कहर केला. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत तेथील लोकसंख्या सुमारें ४७ हजारांवरून ३७ हजारांच्या खालीं आली. मिशनांनीं या काळांत अन्न दिलें, अनाथ मुलें सांभाळलीं. एलिचपूरजवळ कोठारा येथें महारोग्यांची शुश्रूषा केली. हें उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु भुकेल्यापुढें एका हातीं धान्य व दुसऱ्या हातीं ग्रंथ आला असतां ग्रंथ स्वीकारणें न स्वीकारणें हें त्याच्या इच्छेवर कितपत राहिलें, ही शंकाही तितकीच रास्त आहे. वाचकांपैकीं कांहीं जण या ठिकाणीं मिशनऱ्यांवर तुटून पडतील. त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्याच काळांत कोरकूला शाळा मराठींत होती, कचेरी मराठींत होती, जंगलाचे कायदे त्याला न कळणाऱ्या भाषेंत होते. त्याच्या भाषेंत त्याच्याशीं बोलण्याचे कष्ट आम्हां मराठी सुशिक्षितांपैकीं कोणी घेतल्याचें प्रसिद्ध नाहीं. ड्रेकनें ते घेतले.

कोरकू नागवला गेला असेल तर मार्काच्या पुस्तकानें नव्हे, असें आमचें मत झालें आहे. तो नागवला गेला उलट दिशेच्या भाषांतरांत. कोरकूंचा धर्म इंग्रजींत उतरविण्यांत आला, आणि गोमज, मुठवा, पितरांसाठीं उभारलेले लांकडी खांब, हें सर्व एका ‘भूतपूजा’वजा इंग्रजी शब्दाखालीं शिरगणतीच्या व जातिवर्णनाच्या ग्रंथांत गेलें. हें भाषांतर तपासावयास कोणी कोरकू नव्हता, व चुकलें असल्यास तक्रार करण्याची जागा नव्हती.

तक्रार करण्याची शक्ति असली म्हणजे काय होतें हें रिद्धपूरच्या परंपरेनेंच पुढें दाखविलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाड्यांनीं सकळ लिपीचें कोडें उलगडलें, भाव्यांनीं महाराष्ट्र सारस्वताच्या १९१९ च्या आवृत्तींत महानुभाव वाङ्मयाची ओळख करून दिली, यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ साली निघाला, नागपुरास ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापण्यास घेतलें. पंथांतील कांहीं महंतांनीं विश्वासानें पोथ्या पुढें केल्या, कांहींनीं मरेपर्यंत दाखविल्या नाहींत. सहाशें वर्षें न लिहिलेल्या कराराखालीं जतन झालेला ग्रंथ पाठ्यपुस्तकाच्या टेबलावर आला. मराठी समाजाला त्यामुळें आपलें आद्य गद्य मिळालें. पंथाला काय मिळालें, हें कोणी फारसें विचारलें नाहीं. वऱ्हाडचेच सुपुत्र वि. भि. कोलते यांनीं जन्मभराच्या व्यासंगानें सिद्ध केलेलें लीळाचरित्र महाराष्ट्र शासनाच्या साहित्य संस्कृति मंडळानें १९७८ साली प्रकाशित केलें, तेव्हां तो प्रश्न विचारला गेला. त्यांतील कांहीं लीळांबद्दल पंथीयांनीं कडक आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. ज्याला पाठभेद म्हणून संशोधक जपतो तोच भक्ताला देवावरचा कलंक वाटतो. कोलत्यांची संशोधननिष्ठा संशयातीत होती. आक्षेप घेणाऱ्यांचें दुःखही खोटें नव्हतें. आम्ही स्वतः अशा प्रसंगीं पाठ छापण्याच्या बाजूचे आहों, पण ज्यांनीं तो ग्रंथ सहाशें वर्षें राखला त्यांना छापण्यापूर्वीं सन्मानानें पंक्तींत घेतलें पाहिजे, एवढी जोड त्या मताला देतों.

पुढें या ग्रंथांनीं मराठीचीही सीमा ओलांडली. अमेरिकन विदुषी अ‍ॅन फेल्डहाउस यांनीं सूत्रपाठाचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध केला व गोविंदप्रभूंच्या लीळांचें इंग्रजी भाषांतर १९८४ साली. गोविंदप्रभूंचें वर्तन बाह्यतः वेड्याचें आहे. ते हंसतात, रुसतात, कोणाच्याही घरीं शिरून खातात. पंथाच्या दृष्टीनें हा अवताराचा अंगीकृत वेश. इंग्रजी वाचकाला हें हास्यास्पद न वाटूं देतां, आणि त्याच वेळीं सोवळें न करतां सांगणें, हें कठिण काम त्यांनीं मूळ मराठीचा ठसका न घालवितां केलें आहे. त्या पुस्तकाच्या नांवांत रिद्धपूर आहे, आणि गुंडम राउळांसाठीं योजलेला शब्द आहे ‘गॉड’. मार्काच्या इंग्रजी पुस्तकांतला तोच शब्द. ड्रेकच्या मागची ती गोमजाची अडचण येथें उलट बाजूनें उभी राहिली; तिचा उलगडा निवडणाऱ्यानें पंथीयांत बसून, त्यांच्या मठांत जाऊन केला, एवढा फरक.

१९९२ साली याच विदुषीनें शं. गो. तुळपुळे यांच्या सहकार्यानें स्मृतिस्थळाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. केशोबासांनीं अनुज्ञा मागितली आणि आचार्यांनीं म्हाताऱ्यांची आठवण देऊन ती नाकारली, तो प्रसंगही अर्थात् त्यांत इंग्रजींत आला आहे.